अकरा ते सहा

खानदेशात उन्हाळ्यात लहान मुलांना रमवायचं म्हणजे दिवसाचे सात तास सांभाळायचे, सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत. त्याआधी आणि त्यानंतर पोरं आपली आपण बाहेर पळतात. पण जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर चढतो, धुळ्याकडे थोडा खाली राहिला तरी झळा त्याच, आणि तशा दुपारी सहा वर्षांच्या पोराला सावलीत धरून ठेवणं हे घरातल्या मोठ्या माणसांचं खरं काम. गेल्या पन्नास वर्षांत या सात तासांची वाटणी कितीतरी वेळा बदलली. ती कशी बदलली हे पाहताना खेळांपेक्षा घरांकडे, विहिरींकडे आणि माणसांच्या येण्याजाण्याकडे जास्त पाहावं लागतं.

सत्तरच्या दशकात यातला मोठा वाटा घरच उचलत असे. धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन त्या भिंतीतून आत उतरेपर्यंत रात्र पडलेली असे. मार्चपासून शाळा सकाळची, त्यामुळे पोरं उन्हं तापायच्या आत घरी. मधल्या खोलीत सारवलेली गार जमीन, दाराला ओलं पोतं, ऐपत असेल तिथे वाळ्याची ताटी. कोळशाने जमिनीवर पट आखायचा, चिंचोके मधोमध फोडून एक बाजू पांढरी करायची आणि अष्टचंग मांडायचं. डाव चार-चार तास चाले. बाजूला मुलींचे सागरगोटे, काचापाणी, बांगड्यांच्या तुकड्यांचे ढीग. हे खेळ कोणी लावून देत नव्हतं, मात्र मोठं माणूस त्याच खोलीत असे. आजी तिथेच वाती वळायची, अधूनमधून भांडण सोडवायची, कोणी रडलं तर गोष्ट सुरू करायची. मुलांना रमवणं असं वेगळं काम तिच्या दिवसात नव्हतं. तिचं स्वतःचं काम चालू असे आणि मुलं त्याच्या अवतीभवती असत.

हे सगळ्यात जास्त दिसायचं ते बिबड्या आणि कुरडयांच्या दिवसांत. ज्वारी भिजवून, कांडून, तिचा मिरची-लसूण-जिरं-तीळ घातलेला घाटा मोठ्या पातेल्यात शिजू लागला की गल्लीतली सगळी पोरं वाट्या घेऊन हजर. गरम घाटा आणि वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार, हा उन्हाळ्यातला आमचा नाश्ता. मग खाटांवर ओली धोतरं अंथरायची आणि हात पाण्यात बुडवून बायका त्यावर बिबड्या थापायच्या. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजलेला, त्याचा चीक शिजला की पुन्हा वाट्या. शेवयांचं यंत्र खाटेच्या ठाव्याला आवळलेलं, त्याची मूठ फिरवायला रांग. मूठ फिरवण्यात ताकद लागे, शेवया न तुटता दांडीवर घेण्यात हात हलका लागे, आणि पाच वर्षांच्या पोरालाही या कारखान्यात एक हुद्दा असे: वाळवणाची राखण. हातात काठी, डोक्यावर ओलं फडकं, लिंबाच्या सावलीत बसून कावळे आणि बकऱ्या हाकलायच्या. अर्धवट सुकलेली, कडेला कडक आणि मध्ये मऊ अशी बिबडी चोरून खाणं हा त्या राखणीचा पगार होता. आज शिबिरांमध्ये मातीकाम, कणकेचे आकार शिकवतात त्याला माझा विरोध नाही. पण घरात वर्षभर पुरणाऱ्या खाण्यात आपला हात लागला आहे, हे पोराला कळण्याची गोडी वेगळी. पावसाळ्यात बिबडी भाजली की ‘ही मी राखली’ असं ते खुशाल सांगे.

उन्हाळ्याचा कळस म्हणजे आखाजी. बाकी महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणून एक दिवस पाळतो, खानदेशात ती दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांसाठी घागर भरली जाते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. बहिणाबाई चौधरींनी ‘आखजी’ नावाची कविताच लिहिली आहे. मुलांच्या नजरेने पाहिलं तर आखाजी म्हणजे झोका. गावातल्या थोराड लिंबाला दोर बांधले जायचे, मुली गौराई बसवायच्या, टिपऱ्या खेळायच्या, झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणायच्या. एरवी वर्षभर पाणी भरणं, भाऊ सांभाळणं यात अडकलेल्या मुलींना या दिवसांत उंच जाण्याची मुभा होती, हे मला त्या सणाचं सगळ्यात मोठं काम वाटतं. आत्या, मावश्या माहेरी आल्यामुळे घरात पोरांची संख्या तिप्पट होई आणि दुपार आपोआप भरून जाई. मुलाला मूल हवं असतं. उन्हाळी करमणुकीतला सगळ्यात मोठा भाग तोच आणि तो विकत मिळत नाही.

संध्याकाळ झाली की पाणी. धुळे जिल्ह्यात पांझरेवर जुने बंधारे आणि त्यांवर चालणारी फड पद्धत आहे, गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची, तीन-चारशे वर्षांपासूनची. त्या पाटांचं पाणी गुडघाभर, म्हणून लहान पोरांना सोडायला निर्धास्त. पूर्वेला यावल-रावेरकडे केळीचे बाग. बाहेर अंगाची लाही होत असताना केळीच्या ओळींत शिरलं की जमीन ओली, हवा गार, डोक्यावर रुंद पानांचं छत. तिथल्या विहिरींत पोरं पोहायला शिकली. कमरेला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, पुढे रबरी ट्यूब आली. काका नाहीतर मामा वर थारोळ्यावर उभा राहून पोराला आत सोडणार, दोरी हातात धरून. चार दिवसांत दोरी सैल पडे.

या आठवणी सांगताना एक गोष्ट लपवता कामा नये. दर उन्हाळ्यात कोणत्या ना कोणत्या गावात विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोर बुडत असे, आणि आजही तशा बातम्या येतात. मोठं माणूस काठावर असलेल्या विहिरीत आणि नसलेल्या विहिरीत जीवनमरणाचा फरक होता. शिवाय विहिरीवर मुलगेच असत. पोहता येणाऱ्या माझ्या पिढीतल्या खानदेशी बायका फार थोड्या भेटतात.

पुढे त्या विहिरीच आटल्या. केळी वाढली तशा कूपनलिका वाढल्या, यावल-रावेरची भूजलपातळी खोल खोल गेली, आणि पोरं ज्यात उड्या मारत त्या विहिरींचे नुसते खड्डे राहिले. नद्यांवर धरणं झाली, शेताला पाणी मिळालं, शहरांची तहान भागली, पण खालच्या गावांतून वैशाखात वाहणारी धारही गेली. विटीदांडू का संपला याची चर्चा वर्तमानपत्रांत होते, पण पाणी गेलं म्हणून पोहणं गेलं, हे तितकं बोललं जात नाही.

कोरड्या नदीचाही एक उपयोग मात्र खानदेशाने शोधून ठेवला होता. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या वाळवंटात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि वाळूत पाळणे, खेळण्यांची दुकानं, गारेगारवाले. धुळ्याला त्याआधी चैत्र पौर्णिमेपासून पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा. दोन्ही यात्रा खऱ्या रंगतात त्या ऊन कलल्यावर. दिवसभर घरात बसण्याच्या बदल्यात रात्री पाळण्यात बसायला मिळणार, या एका वचनावर आयांनी कितीतरी दुपारी काढल्या आहेत.

आणि मामाचं गाव. पाचोरा ते जामनेर ही 56 किलोमीटरची नॅरोगेज गाडी, सगळ्यांची ‘पीजे’, पहूर-शेंदुर्णीकडच्या पोरांसाठी प्रवास कमी आणि खेळ जास्त होती. डबे बुटके, वेग इतका कमी की बाजूच्या शेतातल्या माणसाशी बोलणं व्हावं. कोरोनाच्या टाळेबंदीत 2020 मध्ये ती थांबली आणि पुढे तो मार्ग रुंदीकरणात गेला. ब्रॉडगेज हवंच होतं, शेतमालाला आणि नोकरदारांना त्याची गरज आहे. तरीही त्या गाडीच्या खिडकीतून सुट्टीचा पहिला दिवस पाहिलेल्यांना ती आठवल्याशिवाय मे महिना जात नाही.

वाचनाची गोष्ट मात्र हरवलेली नाही आणि म्हणून ती जरा सविस्तर सांगावीशी वाटते. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवलं, ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. मुलाला शेजारी बसवून गोष्ट सांगणं हे शिक्षकाचं काम आहे, ही समजूत खानदेशातल्या शाळांत खोलवर रुजली. गुरुजींच्या निधनानंतर 1951 मध्ये त्यांच्या नावाने कथामाला सुरू झाली. अमळनेर, धुळे, जळगावच्या कितीतरी शिक्षकांनी त्या ओघात पोरांना जमवून गोष्टी सांगितल्या. पुढे ‘चांदोबा’ आला, 1971 मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केलं. एक अंक घरातली सगळी पोरं वाचत, मग तो शेजारी जाई आणि परत येईपर्यंत त्याची पानं सुटलेली असत. जळगावचं व. वा. वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं, धुळ्याचं गरुड वाचनालयही जुनं. पंखा, पाण्याचा माठ आणि पुस्तकं एवढ्या तीन गोष्टींवर एक दुपार निघते, हे या शहरांना फार आधीपासून माहीत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चित्र पालटलं. 1987 मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा एका दूरचित्रवाणी संचासमोर गल्ली बसे. पुढे हळूहळू घरोघरी संच आले आणि गल्ली आपापल्या घरात गेली. त्याच सुमारास कूलर पसरले. खानदेशाच्या कोरड्या हवेला कूलर फार मानवतो, त्याने म्हाताऱ्यांचे आणि तान्ह्या बाळांचे जीव वाचवले असतील, म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. पण कूलर एका खोलीत असतो, दार लोटलेलं असतं, आणि त्या खोलीत घरातली माणसं मावतात, गल्लीतली पोरं मावत नाहीत. धाब्यांच्या जागी स्लॅब आले. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे पाणी शिंपडून गच्चीवर झोपणंही कमी झालं. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत संध्याकाळी वीज गेली की पोरं पुन्हा ओट्यांवर, गच्च्यांवर दिसू लागली होती. त्रासाचे दिवस होते ते, पण अंधारात भुताच्या गोष्टी ऐकलेली शेवटची पिढी बहुधा तीच.

मग छंदवर्ग, संस्कार शिबिरं, पोहण्याचे तलाव, स्केटिंग आलं. जळगावात मेहरूण तलावाकाठी सकाळी सहाला सायकली फिरू लागल्या, 2012 नंतर पाहुण्यांच्या मुलांना घेऊन जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ पाहणं ठरून गेलं. मुलीही पोहायला शिकू लागल्या, आणि ही या काळाची मोठी कमाई आहे. ज्यांना फी परवडते त्यांची सकाळ छान जाते. दुपार मात्र मोबाइलकडे गेली. 2020 च्या टाळेबंदीत शाळाच फोनमध्ये आल्यावर तो हातातून काढून घेण्याचं कारणही उरलं नाही. आयांना मी दोष देणार नाही. आईवडील दोघं नोकरीला, आजी दुसऱ्या गावी, शेजारचं दार बंद, बाहेर 45 अंश.

ऊनही आता पूर्वीसारखं घेता येत नाही. 2024 च्या मे अखेरीस जळगाव जिल्ह्यात उष्म्यामुळे जमावबंदीचे आदेश निघाले आणि दुपारच्या खासगी शिकवण्यांवरही बंधनं आली. दुसरीकडे 2025 मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या 25 तारखेपर्यंत लांबल्या. त्या वर्षी आखाजी 30 एप्रिलला होती. परीक्षा संपून पाच दिवसांत सण, म्हणजे झोका बांधायला, गौराईची तयारी करायला, आत्याकडे आठ दिवस आधी जाऊन राहायला वेळच नाही. पुण्या-मुंबईच्या हवेवर आखलेलं वेळापत्रक खानदेश-विदर्भाला का, हा इथल्या पालकांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

घरात करता येण्यासारखं अजून बरंच आहे. दोन किलो ज्वारीच्या बिबड्या फ्लॅटच्या गच्चीवरही होतात आणि राखणदार पाचव्या मजल्यावरही मिळतो. चिंचोके अजून बाजारात आहेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, त्यातली गोष्ट पोराला वाचून दाखवता येते. पण एकट्या घराने हे सात तास पूर्वीही पेलले नव्हते. गल्ली, मामा, आत्या, विहीर सगळी मदतीला होती. आता ती जागा गावाने घ्यायला हवी, आणि त्यासाठी नवं काही बांधावं लागत नाही. मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळा कुलपात असतात. त्यातल्या पत्र्याच्या नसलेल्या दोन खोल्या उघडायच्या, दाराला ओले पडदे, दोन माठ, चटया, पट आखलेली फरशी, गावच्या वाचनालयातून महिन्यापुरती आणलेली शंभर पुस्तकं, आणि आळीपाळीने बसणारे दोन निवृत्त शिक्षक किंवा आज्या. वेळ अकरा ते सहा. ग्रामपंचायतीने आणि वॉर्डाच्या नगरसेवकाने पुढच्या उन्हाळ्याची ही मागणी फेब्रुवारीतच ऐकली पाहिजे, कारण मार्चअखेर ऊन तापतं आणि तोवर सगळे आपापल्या खोलीत गेलेले असतात.