सोलर पॅनलवर 'डीसीआर' कशाला पाहायचं? सबसिडीमागचं जागतिक भांडण समजून घ्या

रेणापूरला घराच्या छतावर सोलर बसवायचं ठरलं, की दुकानदार दोन भाव सांगू शकतो. साधं पॅनल स्वस्त, 'डीसीआर' पॅनल महाग. घरचे म्हणतील, स्वस्तच घेऊ. पण थांबा! पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा जास्तीला 78,000 रुपये सबसिडी आहे. ती फक्त डीसीआर पॅनलवरच मिळते.

डीसीआर म्हणजे काय?

पॅनल भारतात बनलेलं हवं आणि त्यातले सेलसुद्धा भारतातच बनलेले हवेत. सेल बाहेरून आणून इथं नुसतं पॅनल जोडलं, तर ते चालत नाही. कुसुम योजनेतल्या शेतकऱ्यांच्या सौर पंपांनाही हाच नियम आहे.

मग भांडण कशाचं?

भारतानं 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलं. त्यातल्या काही प्रकल्पांना देशी सेल आणि पॅनलची अट होती. 2013 मध्ये अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत तक्रार केली. तिथला नियम असा, की आयात माल देशात आला की त्याला देशी मालापेक्षा कमी लेखायचं नाही.

भारत म्हणाला, ही तर सरकारी खरेदी आहे, तिला सूट असते. पण सरकार विकत घेत होतं वीज आणि अट होती पॅनलवर. म्हणजे भाकरी विकत घ्यायची आणि अट ज्वारीवर घालायची! सप्टेंबर 2016 मध्ये अपिलातही भारत हरला.

त्याच महिन्यात भारतानं उलटी तक्रार केली: अमेरिकेची काही राज्यंही स्थानिक मालाला जादा फायदा देतात. 2019 मध्ये त्या केसचा निकाल भारताच्या बाजूनं लागला, तर अमेरिकेनं अपील केलं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील ऐकणारं मंडळच न्यायाधीशांअभावी बंद पडलं. शेवटी जून 2023 मध्ये दोघांनी समझोता करून ही दोन्ही प्रकरणं मिटवली.

आता काय?

लक्षात घ्या, सौरऊर्जेला सबसिडी देणं हा गुन्हा नाही. वाद 'देशी मालच घ्या' या अटीचा आहे. अट नसेल, तर सबसिडीचा पैसा परदेशी कारखान्यांकडे जाऊ शकतो. अट असेल, तर देशात कारखाने उभे राहतात, पण पॅनल महाग पडतं आणि एखादा देश तक्रार करू शकतो. डब्ल्यूटीओ स्वतःहून केस करत नाही.

तुमचं काम सोपं आहे. आगाऊ पैसे देण्याआधी कोटेशनवर आणि बिलावर 'डीसीआर' लिहून घ्या. पॅनल आलं की मोबाईलवर सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. अर्ज सरकारी पोर्टलवरच भरा. स्वस्त पॅनलच्या नादात 78,000 जायला नकोत!