राजाचं पुडिंग आणि काळबादेवीतली लॉरी

लंडनच्या उपनगरातला एक वाणी कल्पून त्याचा 12 डिसेंबर 1930 चा शुक्रवार इथे मांडतो आहे. माणूस कल्पनेतला; पण तारीख, फळीवरचा माल आणि भिंतीवरची पोस्टरं खरी आहेत.

सकाळी 7. अजून अंधार आहे. तो दुकान झाडून घेतो, लोण्याचा मोठा गोळा काउंटरवर आणून ठेवतो. मुंबईत तोवर दिवस बराच वर आलेला आहे. काळबादेवीत विदेशी कापडाने भरलेली लॉरी अडवायला बाबू गेनू सैद रस्त्यात आडवा पडला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार, वय अवघं बावीस.

8.30. दर्शनी काचेत नाताळची मांडणी. ऑस्ट्रेलियाच्या मनुका पुढे, न्यूझीलंडचं लोणी शेजारी, जमैकाच्या रमच्या बाटल्या मागे. जोडीला ‘साम्राज्याचा माल घ्या’ असं सांगणारं पत्रक. हे पत्रक एम्पायर मार्केटिंग बोर्डाचं, म्हणजे सरकारी पैशाचं. परदेशी मालावर जकात बसवून वसाहतींना झुकतं माप द्यावं, हा पंतप्रधान बाल्डविन यांचा बेत 1923 च्या निवडणुकीत मतदारांनी हाणून पाडला. अन्न महागेल ही धास्ती होती. मग जकातीच्या जागी वर्षाला दहा लाख पौंडांची तरतूद ठरली आणि 1926 मध्ये बोर्ड उभं राहिलं. कर लावता येत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या मनाला साद घालायची, अशी ती युक्ती.

11. गर्दीची वेळ. एक बाई पुडिंगच्या सामानाची यादी घेऊन येतात. राजाच्या आचाऱ्याची, आंरी सेदार यांची पाककृती बोर्डाने 1927 मध्ये गावोगाव पोचवली होती. मनुका ऑस्ट्रेलियाच्या, लवंग झांझिबारची, मसाला हिंदुस्थानचा! वाणी निळ्या कागदाच्या पुडीत मनुका तोलतो.

“ह्या ऑस्ट्रेलियाच्या का? ग्रीसच्या स्वस्त असतील तर त्याच द्या.”

“राजेसाहेबांच्या पुडिंगात ह्याच असतात, बाई.”

बाई पर्समधली नाणी मोजतात. नवऱ्याचं काम सुटलेलं. त्या हिवाळ्यात ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा वीस लाखांच्या वर गेला होता. शेवटी निम्म्या इकडच्या, निम्म्या तिकडच्या. देशभक्तीचा हा भार बोर्डाने नेमका स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईवर टाकला, तिच्या मिळकतीची चौकशी न करता, याचा मला राग येतो.

1. ब्रेड, चीज, चहा. चहा सिलोनचा.

3. माल पोचवायला निघालेला पोऱ्या कोपऱ्यावरच्या लाकडी चौकटीपाशी रेंगाळतो. खास बोर्डाच्या पोस्टरांसाठी अशा चौकटी शेकडो ठिकाणी ठोकल्या होत्या. चित्रं फार देखणी असत. मॅकडॉनल्ड गिल यांनी काढलेला सागरी मार्गांचा नकाशा आजही नजर खिळवून ठेवतो. त्या चित्रांत मळे हिरवेगार, मजूर तृप्त. मुंबईत विदेशी कापडावरच्या बहिष्कारासाठी मुळजी जेठा मार्केटपुढे निरोधन करणाऱ्या देशसेविका मात्र कुठल्याच चौकटीत नव्हत्या. त्याही खरेदीबद्दलच बोलत होत्या, गिऱ्हाइकाला हात जोडून विनवत होत्या. लंडनमध्ये त्यासाठी सरकार छपाईचा खर्च करी, मुंबईत अटक करी. हिंदुस्थानचा मसाला साम्राज्याला हवा होता. हिंदुस्थानी बाईची निवड नको होती.

6. वाण्याची बायको गल्ला मोजते. सिनेमाचा विषय निघतो. ह्याच पुडिंगासाठी जिन्नस गोळा करत साम्राज्यभर फिरणाऱ्या मुलाचा ‘वन फॅमिली’ बोर्डाने याच वर्षी काढला होता. लोकांनी त्याकडे पाठ फिरवली.

8. दुकान बंद. उद्याची मागणी लिहिताना तो ऑस्ट्रेलियाची एक पेटी लिहितो, ग्रीसच्या दोन. दोनच वर्षांत ओटावाच्या परिषदेत साम्राज्यातल्या मालाला जकातीत सवलत ठरली आणि 1933 मध्ये बोर्डाला टाळं लागलं.