राळ्याचे दाणे

बोरीवली पश्चिमेला मंडपेश्वर लेण्यांसमोर उभं राहिलं की वर जुन्या चर्चचे पडके अवशेष दिसतात. सोळाव्या शतकात आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने शंकराच्या या लेण्यात ख्रिस्ती प्रार्थना सुरू केली. त्याच शतकात त्याच पंथाचा बेर्नार्दिनो दे साआगुन मेक्सिकोत म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करून त्यांच्या आठवणी त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत लिहून घेत होता. 1580 ते 1640 ही साठ वर्षं तर बोरीवलीचं साष्टी बेट आणि मेक्सिको यांचा राजाही एकच होता.

साआगुनच्या ग्रंथात स्पॅनिश येण्याआधीच्या आठ अपशकुनांपैकी एक म्हणजे रात्री लेकरांना हाका मारत रडणारी बाई. पुढे तिकडे घरोघरी सांगितली गेलेली 'ला योरोना', म्हणजे रडणारी, हिचं मूळ अनेक अभ्यासक इथेच शोधतात. नवऱ्याने टाकलं, तिने मुलं नदीत बुडवली, आणि आता काठाकाठाने ती त्यांना शोधते.

आपल्याकडची हडळ मुलं मारून भूत झालेली नाही. ती बाळंतपणात गेलेली आहे.

साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात होता त्या काळात शाळामास्तरांनी कळवलेल्या लोकसमजुती नाशिकचा कलेक्टर जॅक्सन जमवत होता. 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केला, तोच हा जॅक्सन. त्याचे कागद एन्थोव्हेनने संपादित केले आणि कोकणाचा खंड 1915 साली निघाला. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत मेलेली बाई हडळ होते, अळवंतीण होते, असं त्यात आहे. ती परतू नये म्हणून घरापासून स्मशानापर्यंत तिच्या प्रेतामागे राळे पेरत जायचे. एका रात्रीत सगळे दाणे वेचले तरच तिला अळवंतीण होता येतं. ते होणारं नाही, म्हणून घरचे निर्धास्त.

ही नोंद मी कितीदा वाचली असेल. राळा मोहरीएवढा बारीक. अंगावरचं दूध अजून आटलेलं नाही, तान्हं उंबऱ्याच्या आत आहे, आणि आई अंधारात वाकून एकेक दाणा उचलते आहे. ती घराकडे कशाच्या ओढीने येणार, हे पेरणाऱ्यालाही ठाऊक असणारच. योरोनाचं रडणं निदान लोकांनी ऐकलं. आमच्या बाईला आम्ही उलटी पावलं दिली, रडायला जागा ठेवली नाही.

साआगुनच्याच ग्रंथात बाळंतपणात मेलेल्या आस्तेक स्त्रीला रणात पडलेल्या योद्ध्याचा मान आहे. दुपारपासून मावळतीपर्यंत सूर्याला सोबत करणं हे तिचं काम. तिची भीती तिथेही होती, ठरावीक दिवशी ती चव्हाट्यावर उतरून मुलांना बाधते असं मानत. पण भीतीबरोबर मानही होता. आपल्याकडे तो का नसावा, हे मला खुपत राहतं. सुवेर आणि विटाळ यांनी ती जिवंतपणीच दूर बसवलेली होती, हे एक कारण मला दिसतं.

महाराष्ट्रात 2001-03 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 झाला. आता असा मृत्यू झाला की आरोग्य खात्याची माणसं त्या घरी जातात आणि लिहून घेतात: कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी मिळाली, रक्त मिळालं का.