चौकाच्या आराखड्याची स्पर्धा : भाग कसा घ्यावा

रस्ता, पाणवठा आणि चावडी यांवर हक्क कोणाचा, या प्रश्नावर आपल्या चळवळीचा फार मोठा भाग लढला गेला आहे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. आपला परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता; इथे तो ठराव लागूच नव्हता. पुढे भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आला. चौकात उभे राहण्याचा हक्क अशा रीतीने लेखी झाला. परंतु तो चौक कसा असावा हे जेथे ठरते, तेथे आपला माणूस अजून क्वचितच दिसतो. तेथे पोहोचण्याची एक वाट आराखडा-स्पर्धेतून जाते. ती वाट आमच्या तरुण बांधवांना व भगिनींना माहीत व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

सार्वजनिक जागेची रचना ठरवण्यासाठी नगरपालिका, महानगरपालिका किंवा शासन जाहीर निवेदन काढून सर्वांकडून कल्पना मागवते, आलेल्या आराखड्यांतून परीक्षक मंडळ निवड करते, ती ही स्पर्धा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाची रचना अशाच स्पर्धेतून ठरली. २०१६ साली स्पर्धा जाहीर झाली, ४२७ आराखडे आले आणि चेन्नईच्या योगेश चंद्रहासन यांच्या चमूचा आराखडा निवडला गेला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी स्मारक खुले झाले. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये शहरातील पाच रस्त्यांच्या फेररचनेसाठी ‘मुंबई स्ट्रीट लॅब’ ही स्पर्धा घेतली होती. केंद्र शासनाच्या २०२३ च्या ‘सिटी ब्युटी’ स्पर्धेशी मात्र याची गल्लत करू नये. त्या स्पर्धेत तयार प्रभाग आणि तयार सार्वजनिक जागा पाहिल्या जात होत्या व प्रवेश पालिकांचा होता. आम्ही बोलतो आहोत ते अजून न बांधलेल्या चौकाबद्दल.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे आराखड्यावर नाव नसते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातील मृत सैनिकांच्या स्मारकासाठी १९८१ साली १,४२१ प्रवेशिका आल्या. प्रत्येकीवर केवळ क्रमांक होता. निवड झाल्यावर पाकीट उघडले, तेव्हा विजेती माया लिन ही २१ वर्षांची विद्यार्थिनी, चिनी स्थलांतरितांची मुलगी निघाली. तिचे नाव आणि वय परीक्षकांना आधी कळले असते तर काय झाले असते, ते वाचकांनीच ठरवावे. ज्यांच्या आडनावावरून अजूनही जात हुडकली जाते, त्या आम्हांला या बंद पाकिटाचे मोल वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. स्पर्धेचे माहितीपत्रक हाती आले की त्यात आधी तीन गोष्टी पाहाव्यात. स्पर्धा केवळ कल्पनेची आहे की जिंकणाऱ्याला पुढचे काम मिळणार आहे? परीक्षक कोण आहेत, आणि त्यांत वास्तुविशारद किती? आराखड्यावरील हक्क कोणाकडे राहणार? वास्तुकला परिषदेने स्पर्धांसाठी मार्गदर्शक नियम केलेले आहेत. त्यांना धरून नसलेल्या स्पर्धेत श्रम घालण्यापूर्वी दहादा विचार करावा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘वास्तुविशारद’ ही उपाधी लावता येत नाही, पण म्हणून तिने चौकाचा विचारच करू नये असे नाही. कल्पना-स्पर्धा बहुधा सर्वांना खुल्या असतात. जेथे नोंदणीची अट आहे, तेथे एखाद्या नोंदणीकृत वास्तुविशारदाला सोबत घेऊन गट करावा. गटात एक चित्र काढणारा, एक हिशेबाचा, आणि त्या चौकात रोज बसणारा एक माणूस हवाच. या तिसऱ्याला बहुतेक गट विसरतात.

नंतर जागा पाहणे. ती एकदा पाहून भागत नाही. सकाळी मजूर उभे राहतात तेव्हा, दुपारी दोनला, शाळा सुटताना, रात्री शेवटची बस गेल्यावर, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वेगळी, अशी पाहावी. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजावी. झाडे, विजेचे खांब, गटार, उतार, नळ यांची नोंद करावी. पावसाचे पाणी कुठे साचते हे शेजारच्या दुकानदाराइतके कोणीही सांगू शकणार नाही. बाया कुठून जातात आणि कोणता कोपरा टाळतात हे त्यांनाच विचारावे.

आमच्या भागात पहिला प्रश्न उन्हाचा. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि तरीही चौक सुशोभित करायचा म्हटले की गुळगुळीत फरशी आणि कारंजे यांपलीकडे कल्पना जात नाही. तापलेल्या फरशीवर कोण बसणार? त्रास देते ते तिसऱ्या प्रहरचे ऊन. ते पश्चिम व नैर्ऋत्येकडून येते, म्हणून कडुनिंबासारखी दाट सावलीची झाडे त्या बाजूला घ्यावीत व बैठका त्यांच्या छायेत मांडाव्यात. पाणपोईची जागा आराखड्यात आधीच ठरवावी. नंतर ठेवलेला माठ कुठल्या तरी खांबाआड जातो.

दुसरा प्रश्न गर्दीचा. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, २६ नोव्हेंबर, नामांतराचा १४ जानेवारी, या दिवशी चौकात जेवढे लोक येतात तेवढे इतर दिवशी येत नाहीत. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे मोकळेपणाने उभी राहतात असे धरले, तर दोन हजार लोकांना एक हजार चौरस मीटर मोकळी जागा लागते. ती मधोमध रिकामी ठेवावी, बागेचे तुकडे कडेला न्यावेत. रुग्णवाहिका आत येऊन बाहेर पडेल अशी एक वाट नकाशावर ठळक दाखवावी. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. एवढी जागा पुष्कळदा सुटत नाही, म्हणून ती आधी आखावी आणि पायऱ्या नंतर.

तिसरा प्रश्न अवघड आहे. परभणी रेल्वेस्थानकाबाहेर डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा मृत्यू झाला. ते दुःख या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायचे कारण नाही. अशा घटनेनंतर कोणालाही पहिल्यांदा सुचते ते उंच कुंपण आणि कॅमेरा. आमचे मत थोडे वेगळे आहे. कुंपण लोकांनाच लांब ठेवते. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर हीच रस्त्याची मोठी राखण असते. पुतळ्यासमोर वाचनाचा फलक, बसायला कट्टा, रात्री उजेड, जवळच चहाची टपरी ठेवली की तेथे दिवसभर कोणी ना कोणी असतेच. कॅमेरा जरूर असावा. पण कॅमेरा घडलेले दाखवतो, हात धरत नाही. हा विचार परीक्षकांसमोर आपण मांडला नाही, तर दुसरे कोणी मांडेल असे आम्हांला वाटत नाही.

येथे एक कायदेशीर अडचण लक्षात ठेवावी. सार्वजनिक रस्ते, पदपथ व सार्वजनिक सोयींच्या जागा यांवर नवा पुतळा वा बांधकाम यांना राज्यांनी परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेला आहे. राज्य शासनाच्या अटी वेगळ्या आहेत, आणि मूर्तीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. म्हणून रस्त्याच्या मधोमध नवा पुतळा दाखवणारी प्रवेशिका कागदावरच अडकते. आहे त्या पुतळ्याचा परिसर सुधारणे, अभिवादनासाठी रांगेची सोय करणे, हार-फुले ठेवायला ओटा देणे याला मात्र भरपूर वाव आहे.

आराखडा सहसा ए-१ किंवा ए-२ आकाराच्या कागदावर मागतात. १ ला २०० या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचे दोन मीटर, म्हणजे ६० मीटरचा चौक ३० सेंटिमीटरमध्ये बसतो. वरून पाहिलेला नकाशा, एक आडवा छेद आणि माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून दिसणारे एक चित्र एवढे नीट काढले तर पुरते. आकाशातून दिसणारी रंगीत चित्रे सर्वजण देतात. टिपण साध्या मराठीत, छोट्या वाक्यांत लिहावे. खर्चाचा अंदाज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून काढावा, म्हणजे आकड्यांवर कोणी बोट ठेवत नाही.

पैशाचे नाव निघाले म्हणून सांगतो. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९८० साली चौकासाठी स्पर्धा झाली, १६२ प्रवेशिकांतून विल मार्टिन यांच्या चमूची निवड झाली, आणि मग महापौरच विरोधात गेले. नागरिकांनी वीट-वीट विकली. ज्याने पैसे दिले त्याचे नाव विटेवर कोरले आणि त्याच विटांची फरसबंदी करून १९८४ मध्ये चौक खुला केला. धम्मदानातून विहारे उभारणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत परकी वाटू नये. अशी योजना प्रवेशिकेत जोडली तर परीक्षकांना आराखडा अमलात येण्यासारखा वाटतो.

प्रवेशिका पाठवताना कागदावर कोठेही नाव, सही, मंडळाचा शिक्का वा ‘जय भीम’ लिहू नये. ओळख पटेल अशा कोणत्याही खुणेने प्रवेशिका बाद ठरू शकते. नाव-पत्त्याचे पाकीट वेगळे, चिकटवलेले, वर फक्त सांकेतिक क्रमांक. प्रश्न विचारण्याची मुदत संपण्यापूर्वी शंका लेखी विचाराव्यात. सर्व कागदांची एक प्रत आणि पोचपावती आपल्याकडे जपून ठेवावी. निकालानंतर निवडलेले आराखडे प्रदर्शनात लावतात. आपला नसला तरी ते पाहायला जावे, आणि जाताना वही न्यावी.