जुन्या मोटारीची हमी

नवी मोटार घेणें ज्या कुटुंबाच्या आवांक्याबाहेर असतें, तें साहजिकच वापरलेल्या मोटारीकडे वळतें. रंग चकचकीत दिसतो, यंत्राचा आवाज कानाला बरा लागतो, आणि विकणारा छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘गाडीची हमी माझी!’ या तोंडच्या शब्दावर कित्येक वर्षांची शिल्लक खर्ची पडते. म्हणून हमी म्हणजे नेमकें काय, हें पैसे मोजण्यापूर्वींच समजून घेणें अगत्याचें आहे.

कारखान्याची हमी बहुधा दोन मर्यादांनीं बांधलेली असते. एक काळाची व दुसरी अंतराची. त्यांपैकीं जी आधीं ओलांडली जाईल तिच्याबरोबर हमीही संपते. समजा, हमी तीन वर्षांची किंवा १,००,००० किलोमीटरांची आहे. मोटार दोनच वर्षांची, पण १,१०,००० किलोमीटर धांवलेली असेल, तर हमी केव्हांच सरली. शिवाय काळ मोजावयाचा तो पहिल्या विक्रीपासून. दुसऱ्या मालकाच्या खरेदीपासून नव्हे. उरलेली मुदत नव्या मालकास मिळते कीं नाहीं, हें हमीच्या पुस्तिकेंतील अटींवरून ठरतें. ब्रेकचे पॅड, क्लचची तबकडी असे झिजणारे भाग तींत सहसा येत नाहींत. वेळच्या वेळीं सर्व्हिसिंग झाल्याची नोंद नसेल, तर दुरुस्तीचा हक्क नाकारला जाऊं शकतो.

कारखान्याची हमी सरल्यावर आधार कशाचा? भारतांत मालविक्रीचा कायदा १९३० सालीं झाला. त्याच्या १६ व्या कलमाप्रमाणें मालाच्या गुणाबद्दल न बोललेली हमी सामान्यतः गृहीत धरली जात नाहीं. पारख करणें हें घेणाऱ्याचें काम. मात्र त्या मालाचाच धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विक्रीयोग्य असलाच पाहिजे. शेजाऱ्याची मोटार घेणाऱ्यास हें संरक्षण मिळत नाहीं. त्यांतही एक मेख आहे: घेणाऱ्यानें माल तपासला असेल, तर त्या तपासणींत जो दोष दिसावयास हवा होता, त्याबद्दल हें संरक्षण उरत नाहीं. म्हणून वरवर पाहण्यापेक्षां जाणता मेकॅनिक बरोबर नेणें शहाणपणाचें.

वापरलेल्या मोटारी विकणाऱ्या कांहीं पेढ्या स्वतःची हमी देतात. ती कोणत्या भागांची, किती महिन्यांची, सुट्या भागांबरोबर मजुरीही तींत येते काय, आणि दुरुस्ती कोठें होणार, हें वाचून पाहावें. खाजगी व्यवहारांतही मीटरचा आंकडा खरा असल्याचें, मोठा अपघात झाला नसल्याचें आणि मोटारीवर कर्जाचा बोजा नसल्याचें विकणाऱ्याकडून सहीनिशीं लिहून घ्यावें.

जो प्रामाणिक आहे त्यास असें लिहून देणें जड वाटूं नये. आणि जो टाळाटाळ करतो, त्याच्या तोंडच्या हमीची किंमत तेथेंच कळून येते.