लोणारभर पाण्याला दोन तोळे वास

लोणारच्या पाण्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. हिशेबापुरती खोली सरासरी ५ मीटर धरली, तर सरोवरात ५६५ कोटी लिटर पाणी मावतं. एवढ्या पाण्याला गांजाचा तो नाकात घुसणारा उग्र दर्प चढवायला किती ऐवज लागेल? साडेबावीस ग्रॅम. सराफाच्या भाषेत दोन तोळे आणि वर थोडं.

हा दर्प गंधकयुक्त रेणूचा. २०२१ साली अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी तो गांजाच्या कळीत शोधून काढला. उन्हात ठेवलेली बिअर नासते तेव्हा हाच रेणू तयार होतो, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. वरच्या हिशेबात लिटरमागे ४ नॅनोग्रॅम धरले आहेत. (लोणारच्या काठावर आधीच गंधकाचा वास असतो, त्यामुळे प्रत्यक्षात कोणाला पत्ताही लागणार नाही.) २०२१ पर्यंत वासाचं सगळं श्रेय टर्पिनांना दिलं जायचं: आंब्यातलं मर्सीन, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, मिऱ्यातलं कॅरियोफिलीन. वजनाने भारी तीच. पण तो झोंबणारा दर्प या चिमूटभर गंधकाचा.

हा दर्प आपल्याला नवा नाही. सातपुड्यापलीकडे, निमाडातल्या खंडव्याला, इंग्रजी अमलात परवान्याने गांजा पिकायचा, आपल्याकडे अहमदनगरला. गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगाने देशभर ११९३ साक्षीदार तपासले, अहवाल सात खंडांचा झाला, आणि सरसकट बंदी नको असं त्याने सुचवलं. तेव्हा पीक गावठी वाणांचं होतं. संकराचं वेड नंतरचं: १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाणी, मेक्सिकन आणि कोलंबियन वाण एकत्र आणून ‘स्कंक नंबर वन’ निघाला.

आता या संकराचं बी धरलं तर? गांजाची गुणसूत्रं २०, म्हणजे १० जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं, म्हणून परागाचे प्रकार १०२४, बीजांडाचेही १०२४. गुणाकार १०,४८,५७६. गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात ते यात मोजलेलंच नाही. दर चौरस मीटरला एक झाड लावून प्रत्येक प्रकार एकदाच बघायचा म्हटलं तरी २५९ एकर लागतील, जवळपास लोणारच्या पाण्याएवढं क्षेत्र. त्यात आजोबाचा वास जसाच्या तसा घेऊन आलेलं झाड कुठलं, हे हुंगून ठरवायचं.

बुलढाण्याच्या कपाशीवाल्याला हे सांगायला नको. संकरित कपाशीची घरची सरकी पेरली की पीक एकसारखं येत नाही, म्हणून तो दरसाल नवी पाकिटं घेतो. गांजावाले परदेशात त्यावर कलमाचा तोडगा काढतात: वास जमलेल्या एका मादी झाडाच्या फांद्या तोडून लावत राहायच्या. पाकिटावरचं जुन्या वाणाचं नाव म्हणूनच वासाची हमी देत नाही.

आपल्याकडे मात्र १९८५ च्या कायद्याने बिनपरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे.