गुडघा दुखतो, पण नेमकं काय दुखतं?

परवा आमच्या महिला मंडळाच्या बैठकीला सतरंजी अंथरली, तर निम्म्या जणी भिंतीला टेकून उभ्याच! खाली बसलं तर उठवणार कोण? मग काय, विषय निघालाच. कुणाचं 'वंगण संपलंय', कुणाची 'गादी झिजलीय'. मला मात्र सासूबाई आठवल्या.

रात्री दोन-दोन वाजता उठून त्या गुडघ्याला तेल चोळत बसायच्या. शेवटी फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "वयाच्या मानानं छान आहेत की गुडघे!" झालं. त्यानंतर त्या पाय धरून बसल्या की माझ्या मनात यायचं, फोटो तर चांगलाय, मग एवढं काय दुखतंय? एकदा तोंडावर बोललेसुद्धा. त्या काही म्हणाल्या नाहीत. तेलाची वाटी उचलून आत गेल्या.

आज त्या नाहीत. माझी भाची गुडघ्याच्या झिजेवर पीएच.डी. करते. गुडघा बदलताना काढून टाकलेले तुकडे रुग्णाच्या परवानगीने तिच्या प्रयोगशाळेत येतात. दिवाळीत ती म्हणाली, "मावशी, जी गादी झिजते ना, तिला दुखतच नाही!"

मला चेष्टाच वाटली. पण खरंच, हाडांच्या टोकांवरची ती गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, तिच्यात संवेदना नेणाऱ्या नसाच नसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. स्कॉट डाय यांनी तर कमालच केली. कातडीच्या छेदापुरती भूल घेऊन त्यांनी स्वतःच्या गुडघ्यात दुर्बीण घालायला लावली आणि आतला एकेक भाग टोचून घेतला! वाटीमागच्या कूर्चेला टोचलेलं त्यांना कळलंही नाही. सांध्याच्या आतलं नाजूक अस्तर आणि वाटीखालचा चरबीचा गोळा यांना धक्का लागताच मात्र जीवघेणी कळ. हे १९९८ साली छापून आलं. (आपण इंजेक्शनची सुई बघून तोंड फिरवतो!)

दुखतं ते गादीच्या आजूबाजूचं. झिजेचे बारीक कण अस्तराला चेतवतात, ते सुजतं, पाणी धरतं. गादीखालच्या हाडावर भार येतो आणि त्या हाडात नसा भरपूर. बोस्टनच्या डॉ. डेव्हिड फेल्सन यांच्या गटाने २००१ मध्ये साध्या फोटोत झीज दिसणारी ४०१ माणसं एमआरआयमध्ये तपासली. दुखणाऱ्या ३५१ पैकी २७२ जणांच्या हाडातल्या मगजात बिघाड दिसला, न दुखणाऱ्या ५० पैकी फक्त १५ जणांच्या. म्हणजे झीज सगळ्यांना, दुखणं मात्र सगळ्यांना नाही. साध्या फोटोत ना ते अस्तर दिसतं, ना मगजातला बिघाड. शिवाय दुखणं वर्षानुवर्षं चाललं की नसा आणि मेंदूही हळवे होतात, थोड्याशानंही कळ येते.

मग सासूबाईंचं खोटं कुठे होतं?

भाचीच्या डब्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. पण प्रत्येक नंबरासमोर त्या माणसानं स्वतः सांगितलेलं लिहिलेलं असतं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं, रात्री झोप लागते का. आमच्या घरात हे कुणी विचारलंच नव्हतं.

उपाय मी डॉक्टर नसल्यामुळे बेतानंच सांगते. एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, मग सावकाश खाली. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो. दुखतं म्हणून अजिबात न हलणं सगळ्यात वाईट. गुडघा एकाएकी सुजून गरम झाला, ताप आला, तर मात्र तेल चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि हो, पुढच्या बैठकीला सतरंजी नाही. मंडपवाल्याकडे चाळीस खुर्च्या सांगितल्यात. वर्गणी थोडी वाढेल, कुरकुर करायची नाही!